फ्रेंच विभागातली उलटी रांग

१

मंगळवारी सकाळी साडेआठला बाईंनी विभागाचं लोखंडी कपाट उघडलं, तर मधल्या कप्प्यातली निळी बॉक्स फाइल जाग्यावर नव्हती. कुलूप शाबूत, कडी शाबूत. वरची खडूंची खोकी, खालचा जुना टेपरेकॉर्डर, कशालाही हात लागलेला नव्हता. गेली होती ती फाइल तेवढी.

त्या फाइलीत एकशे एक अर्ज होते आणि ते जमवायला पाच महिने लागले होते.

फ्रेंच विभाग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि दोन माणसं. एक बाई, बावीस वर्षं विभाग चालवणाऱ्या. दुसऱ्या धाकट्या बाई. त्या बाईंच्याच हाताखाली शिकल्या आणि आता बाईंच्याच शेजारच्या टेबलावर बसून शिकवत होत्या. पदवीच्या वर्गात मुलं नऊ. नऊ मुलांसाठी दोन खोल्या कशाला अडवायच्या, हा संस्थेचा सवाल होता. त्यावर बाईंनी तोडगा काढला. संध्याकाळी कोणीही येऊन फ्रेंच शिकावं, फ्रेंच गाणी ऐकावीत, सिनेमे पाहावेत, पुस्तकं चाळावीत, असं एक केंद्र सुरू करायचं. संस्थेच्या समितीने अट घातली. शंभर लोकांचे फोटो आणि सह्या असलेले अर्ज आणा. शुक्रवारी अकरा वाजता. आणले नाहीत तर विभाग बंद आणि खोल्या इंग्रजी विभागाला.

मी ग्रंथालयात पुस्तकबांधणी करतो. दोन वर्षांपूर्वी एक जण संदर्भग्रंथांतली पानं ब्लेडने कापून नेत होता. कापाचा तिरपेपणा बघून मी त्याला शोधून काढलं. तेव्हापासून कॉलेजात छत्री हरवली तरी लोक म्हणतात, काकांना बोलवा.

मी वर पोचलो तेव्हा बाई खुर्चीत बसलेल्याही नव्हत्या. टेबलाशी उभ्या राहून कोऱ्या कागदावर नावं लिहीत होत्या.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"आठवतील तेवढ्या लोकांची नावं काढतेय. फाइल मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर प्रत्येकाच्या दारात जाऊन पुन्हा सही घ्यायची. आज मंगळवार. तीन दिवस आहेत."

"बाई, आपण मुदत मागू या ना," धाकट्या बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. "चोरी झालीय म्हटल्यावर समिती महिनाभर नक्की देईल. कोणालाही दया येईल."

"दया?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "अगं, मुदत मागितली की आपण संपलो. ते त्याचीच वाट बघतायत. रडायचं ते शनिवारी रड. आज काम कर."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, पोलीस नको, आरडाओरडा नको. गुरुवारी आपला खुला दिवस आहे, गावातले लोक येणार आहेत. चोरीची बातमी फुटली तर कोण भरवशाने नाव देईल? तुम्ही शोधा. फाइल शोधा आणि माणूसही शोधा."

"माणूस सापडला नाही तरी फाइल सापडली म्हणजे झालं ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ज्याने एकदा नेली तो पुन्हा नेईल."

२

कपाटाच्या किल्ल्या तीन. एक बाईंकडे, एक धाकट्या बाईंकडे, तिसरी ऑफिसातल्या किल्ल्यांच्या फळीवर, खोल्यांच्या किल्ल्यांच्याच जुडग्यात. फळीचे राखणदार हेडक्लार्क. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. ते स्वतःच्या बायकोलाही सही घेतल्याशिवाय चहा देत नसतील, असं पोरं म्हणतात.

"फ्रेंचची किल्ली?" भाऊसाहेबांनी वही फिरवून माझ्यासमोर धरली. "वाचा. तुम्हाला वाचता येतं आता."

"येतं हो. बेचाळिसाव्या वर्षी का होईना, आलं."

वहीत लिहिलं होतं: सोमवार, पाच दहाला किल्ली दिली. पाच पस्तीसला परत. पुढे इंग्रजीच्या सरांची लफ्फेदार सही.

"टायसर?"

"तेच. मला म्हणाले, खोलीची मापं घ्यायचीयत. म्हटलं, अजून मयत व्हायचीय आणि तुम्ही तेराव्याची यादी करताय? तर म्हणाले, भाऊसाहेब, दूरदृष्टी म्हणतात हिला."

टायसरांना टायसर म्हणतात कारण ते ऐन उन्हाळ्यातही टाय सोडत नाहीत. ते स्टाफरूममध्ये पेपर वाचत होते. मी समोर बसलो. त्यांनी तोंडासमोरचा पेपर बाजूला केला नाही.

"काका, आलात? फ्रेंचांच्या दरबारातून ना? मघाशी बाई जिन्यात भेटल्या, नमस्कार केला तर भिंतीकडे बघून गेल्या. तेव्हाच म्हटलं, काहीतरी बिनसलंय आणि ते माझ्या नावावर चढणार."

"काल तुम्ही किल्ली नेली होती."

"नेली होती. टेप लावली, मापं घेतली, परत दिली. बत्तीस फूट बाय वीस. वहीत लिहिलंय, दाखवू?"

"तेव्हा खोलीत कोणी होतं?"

"धाकट्या बाई होत्या. तक्ते चिकटवत होत्या, खुल्या दिवसाचे. मी टेपचं एक टोक धरायला सांगितलं तर त्यांनी धरलंही. बिचारीच्या हातून ते दोनदा सुटलं. आपल्याच घराचं माप कोणी घ्यायला आलं म्हणजे दुसरं काय होणार?"

"कपाट उघडलंत?"

आता पेपर खाली आला. "कपाटाचं माप कशाला घेऊ? ते जाणारच होतं भंगारात." मग जरा थांबून हळू आवाजात म्हणाले, "काका, मला खोल्या हव्यात. उघड हव्यात. माझी साठ-साठ मुलं एका बाकावर चौघं बसतात. पण त्या बाईशी मी समितीत भांडेन. कपाटाशी नाही."

माणूस खरं बोलतोय की खरं बोलणाऱ्यासारखा बोलतोय, हे मला ओळखता येत नाही. पुस्तकाचं तसं नसतं. ते हातात घेतलं की कळतं, शिवण कुठे उसवलीय.

वर गेलो. धाकट्या बाई वर्गात खिडकीशी बसून पताका कातरत होत्या.

"काल तुम्ही कधी गेलात?"

"सहाला."

"टायसर गेल्यावरही थांबला होतात तर. फाइल होती तेव्हा कपाटात?"

"मी कपाट उघडलं नाही, काका." कात्री थांबली. "पण ते सर बराच वेळ इकडे तिकडे बघत होते. मी एकदा पाणी प्यायला खाली गेले होते. पाचेक मिनिटं."

पाच मिनिटांत एक फाइल सहज निघते. पण तिसऱ्या मजल्यावरून, एवढी जाडजूड निळी फाइल काखेत मारून, भाऊसाहेबांच्या खिडकीसमोरून माणूस गेला आणि भाऊसाहेबांनी पाहिलं नाही, हे मला पटेना. त्यांनी तर आवक-जावक वहीत तिची नोंद केली असती.

म्हणजे फाइल बाहेर गेलीच नव्हती.

३

फ्रेंचच्या वर्गात मागच्या भिंतीला एक लांब, बुटकं, खोल शेल्फ आहे. त्यात बाईंनी बावीस वर्षं मागवलेल्या फ्रेंच मासिकांचे तीस बांधीव खंड आहेत. सगळे मीच बांधलेले. पहिला खंड बांधला तेव्हा मी कण्यावरचं सोनेरी नाव नेहमीसारखं वरून खाली टाकलं होतं. बाईंनी हातात घेतलं आणि हसल्या. "काका, फ्रेंच पुस्तकाचं नाव खालून वर चढतं." मला वाटलं, चेष्टा करतायत. मग त्यांनी तिकडून आलेली दहा पुस्तकं काढून दाखवली. खरंच, दहाही खालून वर. आपल्याकडची पुस्तकं वाचताना मान उजव्या खांद्याकडे पडते, त्यांची वाचताना डाव्या. मी तो कणा सोलून पुन्हा केला आणि पुढचे एकोणतीस बाईंच्या म्हणण्याप्रमाणे बांधले. त्या रांगेत परकी पुस्तकं दोनच, इकडेच छापलेले दोन जाडे शब्दकोश. त्यांची नावं आपली वरून खाली.

दुपारी मी त्या शेल्फासमोर उभा राहिलो. खंडांवरची वर्षं नजरेने मोजायची म्हणून मान डावीकडे कलवली, आणि अक्षरं डोक्यावर उभी दिसली.

मान उजवीकडे केली. अक्षरं सरळ झाली.

अख्खी रांग उलटी होती. तीसच्या तीस खंड खाली डोकं वर पाय. शनिवारी मीच त्यांच्यावरची धूळ फडक्याने पुसली होती. तेव्हा ते सरळ होते.

मी गुडघे टेकून बसलो आणि मधले सहा-सात खंड बाहेर काढले. मागे, भिंतीला चिकटून, निळी फाइल आडवी पडली होती.

बाईंना हाक मारली. त्या आल्या, जमिनीवरच बसल्या आणि एकेक अर्ज मोजला. एकशे एक. पुन्हा मोजले. एकशे एक. मग पदराने चेहरा पुसला आणि म्हणाल्या, "कोण?"

मला जे दिसत होतं ते मी सांगितलं. फाइल मागे सारायला खंड बाहेर काढावे लागले. परत लावताना लावणाऱ्याला त्यांची नावं उलटी वाटली म्हणून त्याने ती आपल्या सवयीने सरळ करून लावली. म्हणजे हात फ्रेंच विभागातल्या माणसाचा नाही. ज्याची मान उजवीकडेच पडते अशा माणसाचा आहे.

"आणि असा माणूस काल एकच आला होता," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

स्टाफरूममध्ये तेव्हा आठ-नऊ जण होते. बाई आवाज न चढवता बोलल्या. ते जास्त वाईट.

"सर, मापं घेतलीत, हरकत नाही. आमचे अर्जही मोजून ठेवायचे होतेत."

टायसर उभे राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बाई, पुरावा?"

मी रांगेचं सांगितलं. कोणीतरी मागे हसलं. टायसर हसले नाहीत.

"काका," ते म्हणाले, "मला ती फाइल नको असती तर मी ती जपून का ठेवली असती? खिडकीतून मागच्या गटारात टाकायला एक मिनिट लागलं असतं. त्या फाइलीचं भलं चिंतणारं कोणीतरी ती लपवून बसलं होतं. विचार करा. आणि विचार झाला की माझी माफी मागायला या. मी पाचपर्यंत असतो."

४

घरी जेवताना मी भाकरीचा एकच तुकडा चिवडत बसलो. बायकोने ताटाकडे बघितलं.

"भाजी बिघडलीय का नवरा?"

मी तिला सगळं सांगितलं. ती शाळेत गेलेली नाही, पण वीस-पंचवीस वर्षं घर सांभाळलंय, त्यामुळे कोणती वस्तू कोणी हलवली हे तिला डबा उघडायच्या आधी कळतं.

"तीस पुस्तकं उलटी केली म्हणता. एकेक?"

"एकेक."

"फाइल लपवायला किती काढावी लागली असती?"

"सहा-सात."

"मग बाकीच्यांना कशाला हात लावला? चोराला घाई असते. काम झालं की पळतो. हा तर निवांत बसून रांग मांडत होता." तिने ताक ओतलं. "तुम्हाला दिसावं म्हणून मांडली असेल. दुसरं कोण बघतंय ते शेल्फ?"

बुधवारी कॉलेज उघडायच्या आधी मी फाटकाशी उभा होतो. शिपायाने कुलूप काढलं तसा तडक तिसऱ्या मजल्यावर गेलो. शेल्फासमोर बसलो आणि या वेळी खंडांकडे नाही, त्या दोन शब्दकोशांकडे बघितलं.

तेही उलटे होते.

काल मला ते कळलं नव्हतं, कारण ते दोघे नेहमीच रांगेच्या विरुद्ध असतात. रांग फिरली, तेही फिरले, आणि विरुद्ध ते विरुद्धच राहिले. पण टायसर असते तर? त्यांच्या डोळ्याला ते दोन शब्दकोश मुळात सरळच दिसले असते. त्यांना त्यांनी बोट लावलं नसतं. सवयीने लावणारा माणूस चुकीचं वाटतं तेवढंच फिरवतो. ज्याने सगळंच फिरवलं त्याने सवयीने नाही, ठरवून फिरवलं. परक्या माणसाचा हात वाटावा म्हणून. आणि रांगेची ही खोड ठाऊक असलेली माणसं जगात तीनच. बाई, मी आणि धाकट्या बाई.

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. उलटी पुस्तकं पहिल्यांदा पाहिली.

पण कशासाठी? त्या पोरीने स्वतः गल्लोगल्ली फिरून अर्ज आणले होते. काल बाईंनी कपाटाची किल्ली माझ्याकडेच ठेवायला दिली होती. मी फाइल काढून मांडीवर घेतली आणि एकेक अर्ज हातातून जाऊ दिला. वाचत नव्हतो. फोटोवरून अंगठा फिरवत होतो. नवा फोटो कागदावर चिकटवला की सपाट बसतो. तेविसाव्या अर्जावर अंगठा अडखळला. फोटो जाड लागला. कडेला नख घातलं. फोटोच्या पाठीला दुसऱ्याच एका कागदाचा पापुद्रा होता, पिवळा पडलेला, जुन्या खळीने धरलेला. हा फोटो आधी वर्षानुवर्षं दुसऱ्या कुठल्यातरी फॉर्मवर होता. तिथून तो सोलून इथे लावला होता.

शेवटपर्यंत गेलो. असे सतरा निघाले.

मी फाइल कपाटात बंद केली आणि ऑफिसात गेलो.

"भाऊसाहेब, सोमवारी फ्रेंच विभागाला काही कागद गेला होता?"

"गेला होता की." त्यांनी जावक वही उघडली. "समितीचं पत्र. तीन वाजता. शुक्रवारी समिती दहा अर्ज कुठलेही उचलणार आणि त्या माणसांना तिथल्या तिथे फोन लावणार. खरी माणसं आहेत का बघायला. का, बाईंना माहीत नाही?"

"घेतलं कोणी?"

भाऊसाहेबांनी सहीवर बोट ठेवलं. सही धाकट्या बाईंची होती.

५

धाकट्या बाई वर्गात एकट्याच होत्या. शिडीवर उभ्या राहून नकाशा टांगत होत्या. मी शिडी धरली.

"खाली या, बाई. पडाल."

"झालंच, काका."

"सोमवारचं पत्र कुठाय?"

हातोडी हातात तशीच राहिली. त्या खाली उतरल्या आणि शेवटच्या पायरीवर बसल्या.

"पर्समध्ये."

"सतरा माणसं कुठून आणलीत?"

"जुन्या विद्यार्थ्यांच्या फॉर्मवरून. जे गाव सोडून गेलेत त्यांचे." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "बाईंनी मला पन्नास आणायला सांगितले होते, काका. मी तेहतीस आणले. रोज बाई विचारायच्या, किती झाले? एक दिवस तोंडातून निघून गेलं, पन्नास झाले. त्या दिवशी त्यांनी मला मिठी मारली. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला मिठी मारलेली मी पाहिली नव्हती. मग मागे कसं फिरणार?"

"आणि फाइल?"

"फोन लागले असते तर बाईंचं नाव गेलं असतं, सगळ्यांसमोर. वाटलं, चोरी झाली तर महिना मिळेल. महिन्याभरात सतरा खरे आणीन, बदलीन आणि फाइल सापडली म्हणेन. रांग उलटी लावली ती, फाइल आधीच सापडली तर माझ्यावर येऊ नये म्हणून. एकही अर्ज फाडला नाही मी."

"फाडला नाहीत. पण चोरी टायसरांच्या गळ्यात बांधलीत."

त्यावर त्या रडल्या. मी रडू दिलं. मग म्हटलं, "ऊठ पोरी. मी सांगणार नाही. तूच सांगायचंस. आत्ता."

बाई शेजारच्या खोलीत उद्याची यादी करत होत्या. मी दारात थांबलो. धाकट्या बाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि पत्र टेबलावर ठेवलं. बाईंनी पत्र वाचलं. घडी घातली. मी कपाटातून आणून दिलेली फाइल उघडली.

"कुठले सतरा?"

धाकट्या बाईंनी एकेक काढून दिले. बाईंनी ते वेगळ्या पाकिटात घातले. उरलेले मोजले.

"चौऱ्याऐंशी."

"बाई, मी राजीनामा..."

"गप्प बस. राजीनामा देऊन घरी जाशील, आणि सोळा माणसं कोण आणणार? मी एकटी?" बाईंनी पाकीट बंद केलं. "आधी खाली जा. स्टाफरूममध्ये, काल जेवढे लोक होते तेवढे जमले की सरांची माफी माग. मीही येते. काल बोलले मी होते."

आम्ही तिघंही गेलो. टायसरांनी शांतपणे ऐकलं. बाई हात जोडायला लागल्या तेव्हा त्यांनी टायची गाठ सैल केली. तसं करताना त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"राहू द्या हो. खोल्या मला अजून हव्यात, हे मात्र विसरू नका." मग जरा घुटमळून म्हणाले, "अर्जाला वयाची अट आहे का?"

"कॉलेजातले लोक चालत नाहीत."

"मी नाही. माझ्या सासूबाई. पंचाहत्तरच्या आहेत, दिवसभर मला बोलतात. फ्रेंचमध्ये बोलायला लागल्या तर निदान मला कळणार नाही."

६

गुरुवारी खुला दिवस झाला. नकाशे लागले, गाणी वाजली, बाईंनी एक छोटा फ्रेंच सिनेमा थांबवून थांबवून समजावून दिला. धाकट्या बाई दाराशी टेबल टाकून बसल्या होत्या. प्रत्येक येणाऱ्याला आधी वर्गाचे वार आणि वेळ सांगत, जमेल का ते दोनदा विचारत, आणि मगच अर्ज पुढे करत. दोघं-तिघं त्या चौकशीनेच परत गेले. संध्याकाळपर्यंत अकरा अर्ज झाले. बाराव्यासाठी त्या सात वाजेपर्यंत बसल्या, पण कोणी आलं नाही.

एकूण पंचाण्णव.

शुक्रवारी अकराला समिती बसली. प्राचार्य, संस्थेचे अध्यक्ष आणि आणखी तिघं. मला साक्षीला म्हणून बाईंनी आत नेलं होतं. बाईंनी टेबलावर फाइल ठेवली आणि तिच्याशेजारी पाकीट.

"फाइलीत पंचाण्णव अर्ज आहेत. पाकिटात सतरा आहेत, ते खोटे आहेत. आमच्याच विभागात झाले. जबाबदार मी. विभागप्रमुख मी आहे."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई, हे तुम्ही सांगितलं नसतं तर?"

"तर तुम्ही फोन केले असते."

"आणि केले नसते तर?"

"तरी सांगितलं असतं. सोमवारी वर्गात सतरा खुर्च्या रिकाम्या बघत मी काय शिकवणार?"

प्राचार्य खाकरले. "अट शंभराची आहे."

"मला माहीत आहे. मी मुदत मागत नाही. या पंचाण्णवांना घेऊन सोमवारी वर्ग सुरू करू द्या, एवढंच मागतेय. दहा काय, वीस फोन लावा."

त्यांनी लावले. दहाच्या दहा उचलले गेले. एक हॉटेलातला आचारी होता. तो म्हणाला, दोन मिनिटांनी करा, कढईत तेल तापलंय. एक परिचारिका होती. एक नकाशे काढणारा होता, त्याने उलट समितीलाच विचारलं, तुम्ही कोण आणि तुम्हाला माझा नंबर कोणी दिला? सातवा फोन एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना लागला. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही फ्रेंच शिकायला नाव दिलंय का?"

"दिलंय की. सोमवार-गुरुवारच्या संध्याकाळी मी गिऱ्हाईक घेणंच बंद केलंय. सुरू होतोय ना वर्ग? का मशीन परत चालू करू?"

अध्यक्षांनी फोन ठेवला आणि उरलेले तीन लावले. मग आम्हाला बाहेर बसवलं. पाऊण तास. धाकट्या बाई बाकाच्या टोकाला बसल्या होत्या, बाई मधोमध, ताठ.

निकाल भाऊसाहेबांनीच आणला, सहीसाठी वही पुढे करून. केंद्राला सहा महिने परवानगी. खोल्या दोन नाहीत, एक. दुसरी इंग्रजीला. सहा महिन्यांनी प्रत्यक्ष हजेरी बघून पुढचं ठरेल. खोट्या अर्जांबद्दल धाकट्या बाईंना लेखी ताकीद आणि एका वर्षाची पगारवाढ बंद.

बाईंनी सही केली. "हजेरी बघणार म्हणतात. बघू दे." मग धाकट्या बाईंना म्हणाल्या, "पहिला वर्ग तू घ्यायचा. हजेरीसुद्धा तूच."

सोमवारी संध्याकाळी सहाला पहिली तुकडी बसली, चाळीस जणांची. मी मागच्या बाकांची मोडलेली फळी ठोकायला गेलो होतो आणि काम संपलं तरी रेंगाळलो. धाकट्या बाईंनी 'बाँजूर' म्हटलं, चाळीस तोंडांतून चाळीस तऱ्हांचं बाँजूर परत आलं आणि टायसरांच्या सासूबाईंचं सगळ्यांत मोठ्याने. मग वही उघडली. एकेक नाव घ्यायचं, मान वर करायची, उत्तर देणाऱ्याचा चेहरा पाहायचा आणि मग खूण करायची. हळू चाललं होतं. एकोणतिसाव्या नावाला उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा नाव घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. बाई मागच्या भिंतीशी उभ्या होत्या.

धाकट्या बाईंनी त्या नावापुढे गैरहजर लिहिलं आणि पुढचं नाव वाचलं.